गाऱ्हाणं आणि गोष्ट

गेल्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या सान होसेमधल्या एका हॉटेलात एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतनिधीचं जेवण होतं. आमच्या कंपनीनं एक टेबल घेतलं होतं, ऐनवेळी दोघं गळाले आणि माझी वर्णी लागली. सॅलडच्या बशा उचलून कोंबडी येईपर्यंतच्या वेळात एक बाई मंचावर आल्या आणि मी चमकले. शनिवारी सकाळी वाचनालयात मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते, तिथे त्या पहिल्या रांगेत बसतात. मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या. बरीच वर्षं वॉटसनव्हिलला स्ट्रॉबेरी खुडली, आता रात्री कचेऱ्या पुसतात. मी त्यांना सेन्योरा म्हणते, त्या मला माएस्त्रा म्हणतात; आपण शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतो तसंच.

त्यांना तीन मिनिटं दिली होती. वडील वारले तेव्हा सेन्योरांकडे अमेरिकेत राहण्याचे कागद नव्हते. गावी गेल्या असत्या तर परत येता आलं नसतं आणि इकडे मुलं लहान होती. म्हणून गेल्या नाहीत. एवढीच गोष्ट. ती त्यांनी कागदावरून वाचली, "मी बाबांना शेवटचं पाहिलं नाही" या वाक्यानंतर थांबल्या, आणि सगळ्या दालनात काट्याचमच्यांचा आवाज बंद झाला. कुठे थांबायचं याची पेन्सिलीनं केलेली खूण त्या कागदावर होती. ती त्यांनीच मला नंतर दाखवली. लोकांनी डोळे टिपले, मीही टिपले. मग पडद्यावर देणग्यांचा आकडा सरसर वर चढला आणि कोंबडी आली.

डिसेंबरात त्यांनी मला तमालेस करायला घरी बोलावलं. चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेल्या मक्याचं पीठ कणसाच्या वाळक्या सालीवर थापायचं, आत सारण भरायचं आणि वाफवायचं. आपल्या हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची ही दूरची मावसबहीण. ते एकटीनं कोणी करत नाही. आठ बायका, एक भलं मोठं पातेलं आणि दिवसभर गप्पा. तिथे हीच गोष्ट पुन्हा निघाली आणि मला ती ओळखूच येईना. गावात भावानं अंत्ययात्रेत फोन उंच धरला होता, इकडे सेन्योरा पाच डॉलरचं फोनकार्ड घालून ऐकत होत्या. बँडवाल्यांना जरा जास्त झाली होती, त्यामुळे ट्रम्पेट एका गाण्यात आणि ढोल दुसऱ्यात. वडिलांचं ज्याच्याशी तीस वर्षं बांधावरून भांडण होतं तो शेजारीच सगळ्यात मोठ्यानं रडत होता. आणि पाद्री मृतात्म्याला घेऊन नेमका स्वर्गाच्या दारापाशी पोचला असताना कार्डातले पैसे संपले. "बाबा आत गेले की दारातच राहिले, मला अजून कळलेलं नाही," असं त्या म्हणाल्या आणि सगळ्या बायका पोट धरून हसल्या. मग त्यातलीच एक रडायला लागली. तिला कोणी थांबवलं नाही. पीठ थापणं चालू राहिलं.

अमेरिकेत आज लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, माणसाच्या वैयक्तिक गोष्टीला फार मागणी आहे. ती विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात लागते, अनुदानाच्या प्रस्तावात लागते, निवडणुकीच्या सभेत लागते, पुस्तकांच्या बाजारात लागते, आणि आश्रय मागायचा असेल तर सरकारी अधिकाऱ्यापुढे शपथेवर लागते. २०२० च्या जनगणनेत या देशात ६ कोटी २० लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हटलं. जवळजवळ दर पाचांत एक. एवढ्या लोकांच्या आयुष्याबद्दल ऐकून घ्यायची तयारी असावी ही चांगलीच गोष्ट. पण जे ऐकून घेतलं जातं त्यातलं बरंचसं गोष्ट नसतं, गाऱ्हाणं असतं, असं माझं मत झालं आहे.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. समोर देव असतो, देणं न देणं त्याच्या हातात असतं, आणि बोलण्याचा साचा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. मागणारा आधी लहान होतो. तो आपला राग गाळतो, चेष्टामस्करी गाळतो, शेजाऱ्याशी असलेलं भांडण गाळतो, आणि देवाला जेवढं ऐकायचं असेल तेवढंच ठेवतो. गोष्ट सांगणाऱ्याला असं काही गाळावं लागत नाही. आपल्या भाषेनं हा फरक दोन सर्वनामांत पकडून ठेवला आहे. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून बोलायचं तर आपण 'आम्ही' म्हणतो, त्याला आत घेऊन बोलायचं तर 'आपण'. इंग्रजीला हे जमत नाही. स्पॅनिशमध्येही दोन्हींना 'नोसोत्रोस' हा एकच शब्द. हॉटेलातली तीन मिनिटं 'आम्ही'ची होती, स्वयंपाकघरातली दुपार 'आपण'ची.

आता कोणी म्हणेल, बाई, भूक लागलेल्या माणसाला तुम्ही व्याकरण शिकवताय. गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही मिळत नाही, आणि मिळवणं महत्त्वाचं. हा आक्षेप खोटा नाही. तेव्हा आधी हेच बघू की गाऱ्हाणं घालून मिळतं काय.

या देशातलं सगळ्यात घासूनपुसून लखलखीत केलेलं गाऱ्हाणं म्हणजे 'ड्रीमर्स'चं. लहानपणी आईबापांबरोबर सीमा ओलांडून आलेली, इथेच शाळेत गेलेली, या झेंड्यापुढे रोज सकाळी छातीवर हात ठेवलेली मुलं. त्यांना कायदेशीर दर्जा देणारं विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये पहिल्यांदा २००१ साली मांडलं गेलं. त्यानंतर किती मुलांनी किती समित्यांपुढे आपली गोष्ट सांगितली असेल! वर्गात पहिला आलेला, सैन्यात जाऊ इच्छिणारी, डॉक्टर होऊ घातलेला. प्रत्येक गोष्टीत एक वाक्य ठरलेलं: या मुलांचा स्वतःचा काही दोष नसताना. दोन्ही पक्षांचे पुढारी ते म्हणत, आणि वर्षानुवर्षं मुलंही म्हणत राहिली. विधेयकाचा कायदा आजतागायत झालेला नाही. १५ जून २०१२ ला ओबामा सरकारनं 'डाका' ही तात्पुरती सवलत दिली; दर दोन वर्षांनी नूतनीकरण, नागरिकत्वाची वाट नाही. ती मोडायचा ट्रम्प सरकारचा पहिला प्रयत्न सर्वोच्च न्यायालयात २०२० साली पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं अडला. म्हणजे या देशाला अधिक गोंडस गोष्ट कोणी सांगू शकलं नसतं आणि तिच्या पदरात पडलं ते हे.

त्या ठरलेल्या वाक्याचं दुसरं टोक बघा. मुलांचा दोष नाही, म्हणजे दोष कोणाचा तरी आहे. कोणाचा? स्ट्रॉबेरी खुडणाऱ्या आईचा. मुलाला निर्दोष ठरवण्यासाठी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारी ही गोष्ट, आणि ती मुलाच्याच तोंडून वदवून घ्यायची. हे त्या मुलांच्याही लक्षात आलं. मार्च २०१० मध्ये शिकागोत काही तरुण चौकात उभे राहिले आणि आपल्याकडे कागद नाहीत हे नावानिशी जाहीर सांगू लागले: कागद नाहीत, भीतीही नाही. त्यांनी आईबापांची माफी मागितली नाही आणि सरकारचीही. डाकाची सवलत मिळाली ती अशा जाहीर धिटाईनंतर, धरण्यांनंतर आणि निवडणुकीच्या वर्षात. नुसत्या रडव्या गोष्टींनी नाही.

इथे आपल्या मराठी घरांचा एक धागा येतो, तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. सान होसे-सान फ्रान्सिस्कोच्या या बे एरियातल्या कितीतरी घरांत एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आईबापांची मुलं आहेत. हिरव्या कार्डाच्या रांगेत भारतीयांचा नंबर इतका मागे असतो की मूल एकवीस वर्षांचं होतं, आईबापांच्या व्हिसातून गळतं आणि जिथे वाढलं त्या देशातच उपरं ठरतं. डाका त्यांना मिळत नाही, कारण ठरलेल्या तारखेला त्यांच्याकडे वैध कागद होते. गंमतच आहे. अशा मुलांची बाजू मांडताना आपली मंडळी पहिलं वाक्य काय म्हणतात? "आम्ही रांगेत उभं राहून आलो." शेजारच्या टेबलावरच्या सेन्योराला त्याच वाक्यात खाली ढकलून. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानानं १०४ भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरवलं, त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. त्या दिवशी आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटावर आधी शांतता होती आणि मग एकानं लिहिलं, "आपल्यातले नसतील." इतकं नेमकं 'आपण' मी क्वचितच वाचलं आहे.

आश्रयाच्या कचेरीत तर गाऱ्हाण्याचा साचा कायद्यातच आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट, या पाचांपैकी एका कारणासाठी छळ झाला असं दाखवावं लागतं. भूक त्यात नाही. ग्वातेमालाच्या डोंगरात कॉफीवर तांबेरा पडून मळा गेला, हे त्यात नाही. म्हणून ओकलंडच्या फ्रूटवेल भागात राहणारी माम ही भाषा बोलणारी माया आदिवासी बाई आपल्या आयुष्यातला जो तुकडा त्या चौकटीत बसतो तेवढाच कापून सांगते, तोही पुष्कळदा स्पॅनिशमध्ये, जी तिची भाषा नाही. तारखेत एक चूक झाली की ती खोटारडी. यात तिला दोष देण्यासारखं काही नाही. पण अशा कापलेल्या तुकड्यांना जोडून कोणी मध्य अमेरिकेचा इतिहास लिहायला बसलं तर तो हिंसेचा आणि फक्त हिंसेचाच निघणार, तांबेऱ्याचा नाही, जमिनीच्या वाटणीचा नाही, ग्वातेमालात १९५४ साली अमेरिकेनं उलथून टाकलेल्या सरकारचाही नाही.

मग वैयक्तिक गोष्टीनं कधी काही बदललंच नाही का? बदललं. माझ्या घरापासून तासाभरावर सलिनासचं खोरं आहे, लेट्यूसचं आगर. तिथे आणि कॅलिफोर्नियाच्या इतर खोऱ्यांत लेट्यूस आणि साखरबीट विरळायला मजुरांच्या हातात एक कुदळी देत. तिचा दांडा जेमतेम फूट-दीड फूट. स्पॅनिशमध्ये तिचं नाव 'एल कोर्तितो', म्हणजे बुटकं. मजूर तिला सैतानाचा हात म्हणत. आपल्याकडे खुरपणी करणारी बाई निदान उकिडवी बसून सरकते. इथे बसायचं नाही, कंबरेत दुमडून चालत राहायचं, दिवसभर, एकरामागून एकर. दांडा एवढा आखूड का? मळेवाले म्हणत, रोपाजवळून नेमकं काम होतं. मजूर सांगत ते वेगळंच. आखूड दांडा असला की मुकादमाला लांबूनही दिसतं, कोण काम करतंय आणि कोण नाही. जो ताठ उभा तो कामचुकार. हत्यारात अक्कल होती ती मातीची नव्हती, पहाऱ्याची होती.

१९३५ च्या ज्या कायद्यानं अमेरिकेतल्या कामगारांना संघटनेचा हक्क दिला त्यातून शेतमजूर सरळ वगळले होते, त्यामुळे दाद मागायची तर कुठे? सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला गरिबांना कायदेशीर मदत करणाऱ्या वकिलांनी मजुरांच्या वतीनं राज्याच्या औद्योगिक सुरक्षा खात्याकडे अर्ज केला. मजुरांनी पाठीची कहाणी सांगितली, डॉक्टरांनी मणक्यांची. खात्यानं अर्ज फेटाळला. कारण वाचण्यासारखं आहे: असुरक्षित अवजार म्हणजे जे नीट बनवलेलं नाही किंवा मोडकं आहे ते, ही कुदळी तर धडधाकट आहे. १९७५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं हा अर्थ फारच कोता असल्याचं सांगितलं. अवजार धड असलं तरी ते वापरायची रीत माणसाला मोडत असेल तर ते असुरक्षितच. त्याच वर्षी बुटक्या दांड्यावर बंदी आली. लेट्यूसची शेती बुडेल असं मळेवाले म्हणाले होते. ती अजून चालू आहे, लांब दांड्यानं.

हा विजय गाऱ्हाण्याचा म्हणायचा का? अर्ज होता, साक्षी होत्या, समोर सत्ता होती. पण साक्षीपर्यंत पोचायच्या आधी ती गोष्ट मजुरांनी एकमेकांना सांगून सांगून पक्की केली होती. सैतानाचा हात हे नाव कोणा वकिलानं दिलेलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं की आपलीच पाठ नाजूक आहे. रात्री बराकीत दहा जणांच्या पाठी एकाच जागी दुखतात हे कळल्यावर दुखण्याचं रूप पालटलं. ती तक्रार राहिली नाही, पुरावा झाला. १९६५ साली डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप झाला तेव्हा लुईस वाल्देझ या तरुणानं मजुरांनाच घेऊन 'तेआत्रो काम्पेसिनो' काढलं, ट्रकच्या उघड्या हौद्यावरचं नाटक. नेपथ्य नाही, संहिता नाही. पात्राच्या गळ्यात पाटी: संपकरी, फितूर, मालक. मालकाच्या तोंडावर डुकराचा मुखवटा. काल ज्याच्यापुढे मान खाली घातली त्याची भूमिका आज स्वतः करायची, आणि समोर बसलेले शंभर जण हसून दाद देतात. सत्यशोधकी जलसे आणि आंबेडकरी जलसे ज्या मातीत झाले तिथल्या वाचकाला याची ताकद समजावून सांगायला नको. त्या ट्रकवर कोणीही रडून दाखवलं नाही, कारण समोर रडून दाखवण्यासारखं कोणी बसलेलंच नव्हतं.

त्याच संपाच्या नंतरच्या गोष्टीनं मात्र मला सावधही केलं आहे. संप सुरू केला तो ८ सप्टेंबर १९६५ ला फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखाली. मेक्सिकन मजुरांची संघटना आठवड्यानंतर सामील झाली. पुढे सगळी गोष्ट या मेक्सिकन संघटनेचे पुढारी सीझर चावेझ या एका माणसाच्या उपासाची आणि यात्रेची झाली, फिलिपिनो म्हातारे तळटिपेत गेले. १९७४ साली तर याच संघटनेनं संपफोडे म्हणून वापरल्या जाणाऱ्या कागद नसलेल्या मजुरांना सरकारकडे पकडून देण्याची मोहीम चालवली. 'आपण' म्हणताना कुंपण कुठे घालायचं हा प्रश्न स्वयंपाकघरातही सुटलेला नसतो. म्हणून घरातली गोष्ट आपोआप पवित्र होत नाही. पण तिथे निदान कोणीतरी उठून म्हणू शकतं, "खोटं सांगतेस, शेजारी रडला नव्हता." मंचावरच्या तीन मिनिटांना असं कोण अडवणार?

खरंखोटं हा मुद्दा निघालाच आहे तर रिगोबेर्ता मेंचू यांच्याबद्दल बोललंच पाहिजे. ग्वातेमालातल्या या किचे माया तरुणीनं १९८२ साली पॅरिसमध्ये आठवडाभर बसून आपली जीवनकहाणी सांगितली, ती पुस्तकरूपात जगभर वाचली गेली, १९९२ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. नंतर डेव्हिड स्टॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं दाखवलं की त्यातले काही प्रसंग त्यांनी सांगितले तसे घडले नव्हते, किंवा त्यांच्या डोळ्यांदेखत घडले नव्हते. गदारोळ झाला. मेंचू यांचा पहिल्यापासूनचा दावा असा की ही माझ्या एकटीची नाही, माझ्या सगळ्या लोकांची कहाणी आहे. मला स्टॉल यांचा आक्षेप क्षुल्लक वाटत नाही. साक्ष म्हणून जे सांगाल ते तपासलं जाणारच. पण हा वाद पेटलेला असतानाच १९९९ साली संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं नेमलेल्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते आणि ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी सरकारी पक्षाची होती. अमेरिकी वर्तमानपत्रांना एका बाईच्या भावाचा मृत्यू कसा झाला यात जेवढा रस होता तेवढा या आकड्यांत दिसला नाही. सगळा भार एकाच माणसाच्या गोष्टीवर टाकला की असं होतं. तिचा एक टवका उडाला की खालचं सगळं गाडलं जातं. मराठीत दलित आत्मकथनं आली तेव्हा आपल्याकडेही "हे खरंच इतकं होतं का" असं विचारणारे निघाले होते, आणि डोळे पुसून पुस्तक कपाटात ठेवणारे त्याहून जास्त.

बाजाराबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात नवं काही नाही. २०२० च्या सुरुवातीला मेक्सिकोतून पळणाऱ्या मायलेकरांवरची एक कादंबरी सात आकडी मानधन देऊन छापली गेली. लेखिकेचा मेक्सिकोशी जवळचा संबंध नव्हता. मला त्याचं काही वाटत नाही. परकाया प्रवेशावर बंदी घातली तर साहित्य उरणार नाही. मला वाटलं ते त्या पुस्तकासाठी दिलेल्या जेवणाचं. टेबलावरच्या फुलांच्या सजावटीत काटेरी तार गुंफली होती. ती सजावट ठरवणाऱ्या खोलीत सीमा ओलांडलेल्या आईचं एखादं लेकरू बसलं असतं तर ती तार तिथे आली असती का? २०१९ च्या आकडेवारीनुसार माध्यम व्यवसायात लॅटिनो कर्मचारी १२ टक्के होते, इतर व्यवसायांत १८. गोष्टी हव्यात, गोष्टवाले नकोत.

आता ज्या उदाहरणानं माझी खात्री झाली तिकडे येते. ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात १९९८ पासून सरकारी शाळांत मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासाचे वर्ग चालत. इतिहास, साहित्य, कला. मुलं आजीआजोबांच्या गोष्टी गोळा करत, त्या पुस्तकातल्या इतिहासाशेजारी ठेवत. या वर्गांत बसलेली मुलं परीक्षा उत्तीर्ण होण्यात आणि शाळा पूर्ण करण्यात पुढे होती, असं ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं. मे २०१० मध्ये राज्यानं असे वर्ग बेकायदा ठरवणारा कायदा केला. त्यात चार प्रकारच्या अभ्यासक्रमांवर बंदी होती. त्यातला शेवटचा नीट वाचा: विद्यार्थ्यांना व्यक्ती म्हणून न वागवता वांशिक एकजुटीचा पुरस्कार करणारा. म्हणजे एकेकट्या मुलानं आपली दुःखाची गोष्ट विद्यापीठाच्या अर्जात लिहावी, जरूर लिहावी, तिला गुणही मिळतील. पण तीस मुलांनी एका वर्गात बसून "अरे, तुझ्या आजीचंही असंच झालं?" असं म्हणायचं नाही. सरकारला 'मी' चालतो. 'आम्ही'सुद्धा चालतं, हात जोडलेले असतील तर. 'आपण' म्हटलं की कायदा करावा लागतो.

जानेवारी २०१२ मध्ये वर्ग बंद झाले, काही पुस्तकं मुलांच्या देखत खोक्यांत भरून नेली. त्याच मार्चमध्ये ह्यूस्टनचे लेखक टोनी डियाझ आणि त्यांचे मित्र ती पुस्तकं गाडीत घालून टुसॉनला घेऊन गेले. स्वतःला त्यांनी नाव दिलं 'लिब्रोत्राफिकान्ते', पुस्तकांचे तस्कर. खटला पाच वर्षांनी निकाली निघाला. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायमूर्ती वॉलेस ताशिमा यांनी म्हटलं की हा कायदा करण्यामागे आणि राबवण्यामागे वांशिक आकस होता.

या ताशिमांचं बालपण कुठे गेलं? दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबलं होतं त्यातल्या पोस्टन छावणीत, ॲरिझोनाच्याच वाळवंटात. त्याच छावणीत मुनेमित्सु नावाचं एक शेतकरी कुटुंब होतं. त्यांची वेस्टमिन्स्टरची शेती त्या काळात गोन्सालो मेंदेझ यांनी भाडेपट्ट्यानं घेतली होती. मेंदेझ यांच्या मुलांना जवळच्या शाळेनं नाकारलं आणि मेक्सिकनांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाळेकडे बोट दाखवलं. उजळ रंगाच्या आणि फ्रेंच वळणाच्या आडनावाच्या त्यांच्या आतेभावंडांना मात्र तीच शाळा घ्यायला तयार होती. त्या शेतीच्या उत्पन्नातून मेंदेझ यांनी खटला उभा केला आणि १९४६ साली जिंकला. शाळांतली वांशिक फाळणी देशभर बेकायदा ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालाला तेव्हा आठ वर्षं अवकाश होता. जपानी शेतकऱ्याची जमीन, मेक्सिकन बापाचा दावा, आणि सत्तर वर्षांनी त्याच छावणीत वाढलेल्या न्यायाधीशाचा निकाल. ही एकाची गोष्ट म्हणून सांगताच येत नाही. पाठ्यपुस्तकात ती येते तेव्हा बहुधा मेंदेझ यांच्या छोट्या मुलीच्या, सिल्वियाच्या, चित्रासह येते, आणि मुनेमित्सु गळतात.

गोष्ट गाळली की गेली असं नसतं, एवढं मला भिंतींनी शिकवलं. १९३२ साली सिकेरोस या मेक्सिकन चित्रकारानं लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा स्ट्रीटवर एक भित्तिचित्र काढलं. पर्यटकांना रमवणारं हिरवंगार उष्णकटिबंधाचं दृश्य हवं होतं. त्यानं मधोमध क्रुसावर बांधलेला आदिवासी आणि वर अमेरिकी गरुड रंगवला. त्या वर्षांत मेक्सिकन वंशाच्या लोकांना आगगाड्यांत भरून सीमेपार पाठवणं चालूच होतं. चित्राला चुना फासला गेला. साठीच्या दशकाच्या शेवटी चुना उडू लागला आणि खालचा माणूस हळूहळू वर यायला लागला. पूर्व लॉस एंजेलिसची पोरं तेव्हा शाळांवर बहिष्कार घालत होती, भिंती रंगवत होती. २०१२ साली ते चित्र, जेवढं उरलं तेवढं, लोकांसाठी खुलं झालं. तिकडे मेक्सिको सिटीत चित्रकार दिएगो रिव्हेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर शेतकरी-कामकऱ्यांची चित्रं काढली, त्यात एक चेहरा वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांचा आहे. गदरच्या चळवळीतून परागंदा झालेला हा माणूस १९२४ पासून चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होता, मक्यावर संशोधन करत होता आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढत होता. परक्या देशात त्यानं कोणापुढे गाऱ्हाणं घातलं नाही. तो त्यांच्या पंगतीत बसला आणि त्यांच्या भिंतीवर गेला. आमच्या वेळी वर्ध्याच्या शाळेत मला हे कोणी सांगितलं नाही. मला ते सांगितलं शनिवारच्या वर्गातल्या एका मेक्सिकन आजोबांनी, मी कुठली हे विचारल्यावर.

तमालेसच्या त्या दुपारी शेवटची खेप पातेल्यात चढली तेव्हा अंधार पडत आला होता. सेन्योरांनी पिठाचे हात धुतले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माएस्त्रा, तू नुसती ऐकतेस. आता तुझी." मी म्हटलं, माझी काही तशी गोष्ट नाही, माझे कागद सगळे होते. त्या थांबून राहिल्या. मग मी सांगितलं की २०२१ च्या मे महिन्यात आई गेली तेव्हा मी इथेच होते. वकिलाती बंद होत्या, गेले असते तर व्हिसाचा शिक्का कधी मिळाला असता कोणास ठाऊक. शेजारच्या काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवायचं कबूल केलं होतं. पण त्यांना ते फोन म्हणूनच वापरायची सवय, त्यांनी तो कानाला लावला. पाऊण तास मला सगळं ऐकू येत होतं आणि दिसत होता फक्त काकांचा कान.

क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "कोणता? डावा की उजवा?"